मागल्या दारातून हरिभाऊ

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात भांडण झालं. मी रात्रपाळी संपवून तसाच आलो होतो. केसात कापूस, कानात साच्याची घरघर आणि पिशवीत अप्पा बळवंत चौकातल्या फुटपाथवर घेतलेलं एक जुनं पुस्तक. कव्हर फाटलेलं, मधली चार पानं गायब. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' एका मित्रानं ते हातात घेतलं, नाव वाचलं आणि टाकून दिलं. म्हणाला, "हे सदाशिवपेठी साहित्य तू कशाला वाचतोस? बामणाच्या विधवेचं रडगाणं. तिकडं आपल्या बायाबापड्या रोज मरत होत्या, त्यांचं कुणी लिहिलं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. पण पुस्तक उचलून घरी आणलं आणि पुरं वाचलं. मग हरिभाऊंचं आणखी जे मिळालं ते वाचलं. सुट्टीच्या दिवशी लायब्ररीत बसून त्यांच्या काळाचा इतिहास धुंडाळला. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते आता लिहितो आहे. मी काही प्रोफेसर नाही. नववीनंतर गिरणीत लागलो. चुकलं तर सांगा, पण आधी ऐकून घ्या.

माझी आजी शनिवार-सदाशिवातल्या वाड्यांतनं लाकडं फोडायला जायची. तिनं त्या वाड्यांचा पुढला दरवाजा कधी ओलांडला नाही. मागल्या बोळातनं आत, परसात लाकडं फोडायची, वरनं टाकलेली भाकर पदरात घ्यायची, परत मागल्या बोळातनं बाहेर. त्यामुळं वाडा म्हटलं की आमच्या घरात मागलं दार आठवतं. हरिभाऊही मी तिथनंच वाचले.

आधी माणूस कोण ते सांगतो. हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. लहानपण मुंबईत गेलं, मग पुण्यात आले. १८८० साली चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरही लवकरच त्यात आले. त्या शाळेत हरिभाऊ शिकले. १८८२ साली चिपळूणकर वारले तेव्हा या पोरानं त्यांच्यावर 'शिष्यजनविलाप' नावाची कविता केली. पुढं आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं मराठी केलं, 'विकारविलसित', तर याच विद्यार्थ्यानं त्यावर लांबलचक टीका लिहिली. कॉलेजात गेले, पण गणितानं घात केला आणि पदवी काही मिळाली नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं. मराठी कादंबरीचा बाप म्हणतात तो माणूस गणितात नापास!

पण त्यांचं नापास होणं आणि आपलं नापास होणं यात फरक आहे. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबई हायकोर्टातले बडे वकील. त्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली, जुन्या संस्कृत पोथ्या जमवायला, सांभाळायला आणि छापायला. पुतण्या तिथला व्यवस्थापक झाला. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाजवळ ती वास्तू आहे. मी पुस्तक घेतलं त्या फुटपाथपासनं चालत पाच मिनिटं. हरिभाऊंची हयात तिथंच गेली. संस्थेचं काम बघून उरलेल्या वेळात लिहायचं. १८९० साली त्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि पंचवीसच्या वर वर्षं चालवलं. बहुतेक कादंबऱ्या त्यात आठवड्याला एक तुकडा अशा छापून आल्या. वीसेक कादंबऱ्या, त्यातल्या काही अपुऱ्या. शिवाय 'स्फुट गोष्टी'. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुणे म्युनिसिपालिटीचेही अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ ला वारले. त्यानंतर अकरा महिने उलटले आणि ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला. ही तारीख ध्यानात ठेवा. हरिभाऊ गेले तेव्हा आपलं तोंड नुकतंच उघडायला लागलं होतं.

आता त्यांनी केलं काय? त्यांच्या आधी मराठीत कादंबऱ्या होत्या, पण बहुतेक राजकन्या, भुयारं, जादू, शेवटी लग्न, अशा थाटाच्या. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. तिच्यात विधवांचे हाल आहेत, पण ती धर्मप्रचाराला बांधलेली. हरिभाऊंनी १८८५ मध्ये 'मधली स्थिति' लिहायला घेतली. सुचली इंग्रजी लेखक रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीवरनं, पण आत पुणं आहे. इंग्रजी शिकलेला नवा वर्ग, त्याची दारू, त्याची नाटकं आणि ढोंगं. म्हंजे हा माणूस आपल्याच गल्लीकडं बघून लिहायला लागला. याला वास्तववाद म्हणतात. आपण आज जे लिहितो, आपली वस्ती, आपला नळ, आपला संडास, त्याची एक वाट तिथनं निघते. आवडो न आवडो.

त्याच सुमाराला जगात दुसरीकडंही हे चाललं होतं. आपल्या वर्गातला कॉलेजात जाणारा मित्र एका स्पॅनिश कादंबरीकाराची पुस्तकं इंग्रजीत वाचतो. मी डिक्शनरी घेऊन त्याच्या शेजारी बसलो. बेनितो पेरेझ गाल्दोस त्याचं नाव. जन्म १८४३ चा, कॅनरी बेटावर. १८६२ साली माद्रिदला कायदा शिकायला आला आणि वकिली सोडून लिहायला लागला. त्यानंही हरिभाऊंसारखे दोन खांब उभे केले. एकीकडं देशाचा इतिहास, छेचाळीस कादंबऱ्यांची मालिका. दुसरीकडं समोरच्या माद्रिदच्या कादंबऱ्या. हरिभाऊंच्या एका हाताला 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'वज्राघात', दुसऱ्या हाताला 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' आणि 'मी'. गाल्दोस १९२० च्या जानेवारीत वारला. शेवटी डोळे गेले होते. दोघं एकाच काळातले, दोन्हीकडं धर्माचा विळखा, दोन्हीकडं नवा मध्यमवर्ग.

त्याची एक कादंबरी १८९७ सालची आहे, 'मिसेरिकोर्दिया', म्हंजे करुणा. तिची नायिका बेनिना ही एक म्हातारी मोलकरीण. मालकीण कफल्लक झालेली, पण खानदानाचा तोरा कायम. तर ही मोलकरीण चर्चच्या दारात भिकाऱ्यांत बसून भीक मागते आणि त्या पैशांनी मालकिणीला जेवू घालते, तिला कळू न देता. पुढं मालकिणीच्या घराला वारसाहक्कानं पैसा मिळतो आणि बेनिनाला बाहेरची वाट दाखवतात. वाचून मी सुन्न झालो. मला आजी आठवली. तिकडं गाल्दोसनं मागल्या दारातल्या बाईला कादंबरीच्या मध्यात बसवलं. आमच्या हरिभाऊंनी?

आता यमूकडं येतो. 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' १८९० पासनं तीनेक वर्षं 'करमणुकी'त येत होती. सगळी गोष्ट यमू स्वतः सांगते. "मी" म्हणून सांगते. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली पोर. भाऊ शिकतो, ती बघत राहते. लहानपणी लग्न. नवरा रघुनाथराव भला, तिला लिहायला-वाचायला शिकवतो. मुंबईत दोघं चार सुखाचे दिवस काढतात. तिची मैत्रीण दुर्गी, तिच्या वाट्याला आलेला नवरा म्हंजे जनावर. मग यमूचा नवरा मरतो, ती पुण्याला परत येते आणि शंकरमामंजी नावाचा एक दांभिक कर्ता पुरुष तिचे केस जबरदस्तीनं उतरवायला लावतो. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. एका पुरुषानं त्या काळात बाईच्या आतलं इतकं ओळखावं, माजघरातलं कुजबुजतं बोलणं जसंच्या तसं कागदावर आणावं, ही साधी गोष्ट नाही.

पण मी मागल्या दारात उभा होतो ना. मी शोधत होतो, वाड्याचं पाणी कोण भरतं, शेण कोण उचलतं, शौचकूप कोण साफ करतं? त्या माणसांना नाव, घर, मन आहे का? मला सापडलं नाही. वस्तरा धरणाऱ्या हातालाही काही वाटलं असेल का, तेही दिसलं नाही.

आणि इथं इतिहास फार मोठी गंमत करतो. तेच १८९० साल बघा. मुंबईच्या गिरणी कामगारांचा पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, जोतिबांचा सत्यशोधक चेला. १८८४ साली त्यानं गिरणी कामगारांची संघटना बांधली. १० जून १८९० ला मालकांना रविवारची सुट्टी कबूल करायला लावली. आज मी रविवारी जे पुस्तक वाचतो ती रजा त्या बापमाणसाची. त्याच लोखंड्यांच्या पुढाकारानं १८९० च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि ठरवलं, की ब्राह्मण विधवांची डोकी आम्ही भादरणार नाही. वस्तऱ्याचा संप! जगात असा संप दुसरा कुठं झाला असेल मला वाटत नाही. म्हंजे ज्या सुमाराला पुण्यात एक संवेदनशील ब्राह्मण लेखक यमूचं दुःख लिहायला बसत होता, त्याच सुमाराला मुंबईत एक शूद्र जमात त्या दुःखाचं हत्यारच खाली ठेवत होती. एकानं विचारलं, लक्षात कोण घेतो? दुसऱ्यांनी उत्तर दिलं, आम्ही घेतो. पण उत्तर देणाऱ्यांची कादंबरी कुणी लिहिली नाही.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं. आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतिबा गेले. विधवांच्या पोटच्या पोरांसाठी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढणारा माणूस. कुणाच्या विधवा होत्या त्या? ब्राह्मणांच्याच. जोतिबा-सावित्रीबाईंनी विचारलं नाही की ही आपली का परकी. माझ्या मित्राला मला हेच सांगायचं आहे. बामणाच्या विधवेचं रडगाणं म्हणून ज्याची तू टिंगल केलीस, ते रडणं पहिल्यांदा कानावर घेतलं ते आपल्या महात्म्यानं.

आता दुसरी बाजू. १८८५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं मराठी ग्रंथकारांची सभा भरली. जोतिबांना बोलावणं गेलं. जोतिबांनी पत्र लिहून साफ नकार कळवला. सार असं, की जे लोक सगळ्या माणसांना माणसाचे हक्क खुशीनं आणि उघडपणे देत नाहीत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसायचा नाही. 'मधली स्थिति'चंही हेच साल. म्हंजे ज्या वर्षी पुण्यात नवी कादंबरी जन्माला येत होती, त्याच वर्षी त्याच गावात जोतिबांनी सांगून ठेवलं की या घरात आम्हाला जागा नाही, आम्ही आमचं बांधू.

आणि बांधकाम आधीच सुरू झालं होतं. १८५५ साली, हरिभाऊंच्या जन्माआधी नऊ वर्षं, मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं निबंध लिहिला. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखावर लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या निबंधात आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे एक शाळकरी पोर सांगते. यमूचा "मी" हा हरिभाऊंनी रचलेला आहे. मुक्ताचा "मी" तिचा स्वतःचा. त्याच पुण्यात १९०८ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीवर हल्ला चढवला. त्यांनी एका मुरळीचं पत्र छापलं. तिची कर्मकथा तिच्याच तोंडून. हरिभाऊ तेव्हा याच गावात होते, लिहिते होते, नाव झालेलं होतं. ते पत्र त्यांच्या टेबलापर्यंत पोचलं असतं तर? आनंदाश्रमापासनं आपल्या वस्त्यांचं अंतर चालत अर्ध्या-पाऊण तासाचं. पण ते अंतर पुण्यात कुणी चालत नव्हतं.

हरिभाऊंवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. 'काळ तर मोठा कठीण आला' ही त्यांची गोष्ट जरूर वाचा. दुष्काळानं होरपळलेल्या गरीब कुटुंबाची गोष्ट आहे. तिच्यात हरिभाऊ वाड्याच्या बाहेर पडतात. उपाशी पोटाकडं डोळे उघडे ठेवून बघतात. म्हंजे या माणसाला दिसत होतं. 'मी' कादंबरीतला भावानंद देशसेवेसाठी मठ काढतो, आयुष्य वाहून घेतो. ही कादंबरी १८९३ ते ९५ मधली. पुढं दहा वर्षांनी, १९०५ साली, गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला तो काहीसा त्याच धर्तीवर. कादंबरीत आधी, गावात नंतर. लेखकाचा हात किती लांब पोचतो ते बघा.

पण त्याच १९०५ साली आनंदाश्रमानं काय छापलं? 'स्मृतीनां समुच्चयः'. अनेक स्मृतींचा एकत्र ग्रंथ. बायकांनी कसं राहावं, विधवेनं काय खावं, शूद्रानं कुठं थांबावं, ते सगळं ज्या शास्त्रांच्या जोरावर चाललं त्या स्मृती. हरिभाऊ त्या संस्थेचे व्यवस्थापक. एका हातानं यमूचे भादरलेले केस कादंबरीत दाखवायचे आणि दुसऱ्या हातानं, ज्या जातीच्या पोथ्यांनी ते केस भादरले त्या पोथ्या सुबक टायपात छापायच्या. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. जुने ग्रंथ जपणं हे विद्वानांचं काम आहे, आणि शत्रूची पोथी छापील मिळाली म्हणून आपल्यालाही ती वाचून फाडता येते. पण यमूचा प्रश्न आणि ती पोथी यांची गाठ हरिभाऊंनी कधी घातली नाही. शंकरमामंजी हा एक वाईट माणूस, असं ते आपल्याला दाखवतात. शंकरमामंजी मेला तर यमू सुटेल का, हे ते विचारत नाहीत.

ती गाठ घातली बाबासाहेबांनी. हरिभाऊ हयात असतानाच. ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. वय पंचवीस, आपल्याएवढंच. हिंदुस्थानातल्या जातींवरचा निबंध त्यांनी वाचला. त्यातला मुद्दा मी माझ्या भाषेत सांगतो. जात म्हंजे काय, तर जातीतल्या जातीत लग्न करण्याचं कुंपण. हे कुंपण टिकवायचं तर बायका आणि पुरुष यांची संख्या जुळलेली पाहिजे. आता नवरा आधी मेला तर बाई जास्तीची उरते. तिनं जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण तुटतं. जातीत केलं तर एका कुंवार पोरीचा नवरा पळवते. मग तिचं काय करायचं? एक तर जाळायचं. ती झाली सती. नाहीतर जिवंत ठेवून तिच्याकडं कुणी बघणार नाही अशी करून टाकायचं. ते झालं सक्तीचं वैधव्य. आणि बायको मेलेला पुरुष? तो महत्त्वाचा, त्याला जाळता येत नाही. संन्यास घे म्हटलं तर किती जण घेणार? मग त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतली पोर द्यायची. तो झाला बालविवाह. सती, वैधव्य, बालविवाह, या तिन्ही खिळ्यांवर जात टांगलेली आहे.

हे वाचून मी परत यमू वाचली आणि मला पहिल्यांदा ती समजली. यमूचे केस शंकरमामंजीच्या दुष्टपणानं गेले हे खरं, पण तो दुष्टपणा कामाचा होता. त्यानं जात राखली जात होती. आणि जे कुंपण यमूला आत कोंडत होतं, त्याच कुंपणानं माझ्या आजीला बाहेर ठेवलं होतं. मागल्या दाराच्या आत यमू, बाहेर आजी, मधे एकच भिंत. हरिभाऊंनी भिंतीची आतली बाजू दाखवली, मुक्तानं बाहेरची. भिंतीचा नकाशा बाबासाहेबांनी काढला. आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती काही उगाच आग म्हणून नाही. त्या भिंतीचा पाया कुठं आहे ते आधी मोजून घेतलं होतं.

इथं मी थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण खरं सांगायचं तर मी हा लेख दुसऱ्याच कारणासाठी लिहितो आहे.

माझी थोरली बहीण, आक्का. तीन वर्षांपूर्वी दाजी अपघातात गेले. आक्का सव्वीस वर्षांची, पदरात एक पोरगी. बौद्ध पद्धतीनं सगळं झालं, त्रिशरण-पंचशील म्हटलं. आणि त्यानंतर आमच्याच चार बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. कुणी सांगितलं त्यांना? कुणीच नाही. सवयीनं फोडल्या. मी तिथं उभा होतो. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. मी काही बोललो नाही.

पुढं वर्षानं दाजींच्याच ओळखीतला एक भला माणूस आक्काला मागणी घालत होता. आक्काच्या मनात होतं. आपल्यात पाटाची रीत फार जुनी. म्होतूर लावायला आपल्या बापजाद्यांना कधी लाज वाटली नाही. वाड्यातल्या यमूपेक्षा आपली बाई तेवढी तरी मोकळी होती. पण आमचे चुलते, आप्पा, त्यांनी मोडता घातला. आप्पा नोकरीत आहेत, शिकलेले आहेत, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे, दर १४ एप्रिलला वर्गणी सगळ्यात जास्त त्यांची. म्हणाले, "आता आपण पहिल्यासारखे राहिलो नाही. चांगल्या घरातल्या बाया पाट लावत नाहीत. लोक काय म्हणतील?" चांगल्या घरातल्या! म्हंजे कुणाच्या घरातल्या? शंकरमामंजीच्या?

बाबासाहेबांनी त्याच १९१६ च्या निबंधात हेही लिहून ठेवलंय, की जात वरनं खाली नकलेनं पसरली. वरच्यांनी दार लावलं, खालच्यांना वाटलं दार लावणं हीच अब्रू, मग त्यांनीही आपापली दारं लावून घेतली. जवळचा जास्त नक्कल करतो, लांबचा कमी. आम्ही वाड्याच्या जवळ चाललो आहोत, पुढल्या दरवाजानं आत जातो आहोत, आणि आत जाताना कोपऱ्यात ठेवलेला तो वस्तरा उचलतो आहोत. न्हाव्यांनी १८९० च्या सुमाराला खाली ठेवलेला.

आणि मी? तेव्हाही गप्पच. आप्पा मोठे, त्यांच्यासमोर कसं बोलायचं. कविता मात्र लिहीत होतो, व्यवस्थेला आग लावण्याच्या.

पुस्तक वाचून झाल्यावर एका रात्री मी आक्काला त्यातली दहा-बारा पानं वाचून दाखवली. केस उतरवतात ती. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. हात थांबवून म्हणाली, "हिला निदान लिहायला तरी शिकवलं होतं रं नवऱ्यानं." आणि परत खडे काढायला लागली.

दोस्तहो, या एका वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. हरिभाऊंनी यमूच्या वतीनं लिहिलं तेव्हा यमूंना लिहायची मुभा नव्हती. आता आपण आपल्या आयाबहिणींच्या वतीनं लिहितो, पोस्टर लावतो, मोर्च्यात त्यांना पुढं उभं करतो. पण आपल्या अभ्यासवर्गात बाया किती? मागच्या महिन्यात पंधरा जण होतो, एकही बाई नव्हती. चहा मात्र आतनं आला होता. तो कुणी केला ते कुणी विचारलं नाही. आमचंही एक मागलं दार आहे.

म्हणून माझी सूचना अशी. हरिभाऊ फेकू नका, वाचा. देव्हाऱ्यात ठेवायला नको, फिर्यादीतला साक्षीदार म्हणून वाचा. शत्रूच्या घरातला साक्षीदार जास्त मोलाचा असतो. पण एकटे वाचू नका. 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' वाचताना बाजूला मुक्ताचा १८५५ चा निबंध ठेवा, ताराबाई शिंद्यांची १८८२ ची 'स्त्रीपुरुषतुलना' ठेवा, बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध ठेवा, बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' ठेवा. मग भिंत दोन्ही बाजूंनी दिसेल. ज्याला जमेल त्यानं गाल्दोसची ती मोलकरीणही वाचावी. तिचं मराठी कुणी केलं असेल तर मला आणून द्यावं, नसेल तर करायला घ्यावं.

दुसरी सूचना. पुढला अभ्यासवर्ग आमच्या घरी. आक्का येणार आहे, तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी तिघी येणार आहेत. चहा मी करणार. वाचायला येत नाही म्हणून कुणी दारात थांबू नये. आधी आपण वाचून दाखवू, मग त्या बोलतील आणि आपण लिहून घेऊ. आक्काला मी वही आणून दिली आहे. अजून तिनं तिच्यात काही लिहिलेलं नाही. फक्त स्वतःचं नाव लिहिलं आहे, दोनदा. माहेरचं एकदा, सासरचं एकदा, आणि दोन्ही आडनावं खोडली आहेत.

तिसरी गोष्ट सूचना नाही, माझं मला सांगणं आहे. येत्या रविवारी मी आप्पांकडं जाणार आहे. रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलाय, तो अशा कामाला नाही वापरायचा तर कशाला? भांडण होईल. आप्पा म्हणतील, तू मला शिकवतोस? मी त्यांच्या भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवीन आणि १९१६ चा निबंध त्यांच्या हातात ठेवीन. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

ज्या मित्रानं त्या दिवशी पुस्तक टाकून दिलं, त्यालाही मी बरोबर बोलावलं आहे. तो येतो म्हणाला.

जय भीम.